एका बाटलीत न नांदणारी मूलद्रव्ये

मावळातील बेडसे येथील लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, त्या दख्खनच्या बेसाल्टात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम, टिटॅनियम आदी मूलद्रव्ये सुमारे 6.6 कोटी वर्षे निमूटपणे एकत्र नांदत आहेत. परंतु त्यांनाच प्रयोगशाळेत द्रवरूपाने एका बाटलीत ठेवावयाचे म्हटले, म्हणजे त्यांचे परस्परांशी जमेलच अशी हमी उरत नाही.

असा खटाटोप करावा तरी कशासाठी? खडकाचे पृथक्करण करणारे आयसीपी यंत्र द्रावणाचे तुषार आर्गॉनच्या अतितप्त प्लाझ्मात सोडून प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश मोजते. अमुक तीव्रता म्हणजे अमुक प्रमाण, ही रुजवात घालण्यासाठी ज्ञात प्रमाणांची द्रावणे यंत्रास आधी दाखवावी लागतात, आणि वीस मूलद्रव्यांसाठी वीस बाटल्या खर्ची घालण्यापेक्षा एकच मिश्रण करण्याचा मोह साहजिकच होतो.

येथे सारा मामला आम्लाचा आहे. बहुतेक धातू विरल नायट्रिक आम्लात सुखाने राहतात. मात्र टिटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम यांच्या दाट द्रावणांना टिकून राहण्यासाठी बहुधा हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा अंश द्यावा लागतो, आणि त्यातील फ्लुओराइडाशी कॅल्शियमाची किंवा विरल मृदा मूलद्रव्यांची गाठ पडताच साका तळाशी बसू लागतो. बेसाल्टात टिटॅनियम आणि कॅल्शियम ही दोन्ही भरपूर, म्हणून त्यांची प्रमाणद्रावणे दोन निराळ्या बाटल्यांत ठेवणे हाच शहाणपणा. चांदीस क्लोराइड आणि बेरियमास सल्फेट वर्ज्य, हे तर शाळेतील रसायनशास्त्रही सांगते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचही खाते, तेव्हा बाटली प्लास्टिकचीच हवी.

साका डोळ्यांस दिसला तर नशीबच म्हणावयाचे. तो न दिसता कॅल्शियमाचा काही भाग तळाशी गेला, तर द्रावणात कमी आणि चिठ्ठीवर अधिक अशी स्थिती होते, आणि त्या खोट्या मापाने मोजलेल्या प्रत्येक नमुन्यात कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त निघते. यंत्र बिनचूक, लेखनिक प्रामाणिक, आणि दाखला मात्र चुकीचा.

म्हणून प्रमाणद्रावण तयार झाले की त्याची स्वतंत्र तपासणी व्हावी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हवाई बेटांवरील बेसाल्टाची ‘बीएचव्हीओ-2’ नावाची भुकटी याच कामासाठी सिद्ध केली असून तिचे घटक प्रसिद्ध आहेत. तिची मोजणी त्या आकड्यांशी जुळत नसेल, तर बेडशाच्या दगडाला हात लावण्यापूर्वी बाटल्यांची झडती घ्यावी.