पडद्याचा उजवा कोपरा

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. कचेरीतून घरी परतलो, तो बाहेरच्या खोलीत वडील संगणकासमोर बसलेले दिसले. चष्मा कपाळावर चढवलेला आणि हातात बँकेचे कार्ड. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक पट्टी अवतरली होती. संगणकात पाच विषाणू शिरले असून संरक्षणाची मुदत आजच संपत आहे, असे ती इंग्रजीत बजावीत होती. बाबांनी तिच्यावर क्लिक केले होते आणि पुढे उघडलेल्या पानावर कार्डाचा तपशील भरण्याची चौकट तयार होती. "बरे झाले आलास," ते म्हणाले, "मागचा तीन आकडी क्रमांक काही दिसत नाही रे मला." कार्डावरील बारीक छपाईचे आभार मानण्याचा प्रसंग माझ्यावर त्या दिवशी प्रथमच आला.

ती पट्टी संगणकाची नव्हतीच. आठवडाभरापूर्वी पंचांग पाहण्यासाठी बाबांनी एक संकेतस्थळ उघडले होते. 'आम्ही तुम्हांस सूचना पाठवाव्यात काय?' अशी विचारणा करणारी चौकट तेव्हा पुढे आली आणि ती दूर व्हावी एवढ्याच हेतूने त्यांनी 'अलाउ' या शब्दावर क्लिक केले. त्या एका होकाराच्या बळावर त्या संकेतस्थळाला पडद्याच्या कोपऱ्यात वाटेल तो मजकूर आणून टाकण्याची मुभा मिळाली होती. उलट ज्या चिन्हाकडे पाहून संगणक सुरक्षित आहे की नाही हे खरोखर कळते, ती विंडोज सिक्युरिटीची लहानशी ढाल त्याच कोपऱ्यातील एका बाणामागे झाकलेली होती. खोटा दारात उभा राहून ओरडत होता आणि खरा माजघरात गप्प बसला होता. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघांनी मिळून हा कोपरा आवरावयास घेतला.

पडद्याच्या तळाशी आडव्या पसरलेल्या या पट्टीला टास्कबार म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आणले, त्यासोबत ती घरोघरच्या संगणकांवर आली. त्यापूर्वीच्या विंडोज ३.१ मध्ये बाजूला सारलेला प्रोग्राम लहानसे चिन्ह होऊन पडद्याच्या तळाशी जाऊन बसे आणि दुसरी खिडकी त्यावर आली की पार दिसेनासा होई. नवशिक्यास वाटे, केलेले काम नाहीसेच झाले! टास्कबारने ही पंचाईत मिटवली. डावीकडे स्टार्टचे बटण, मध्ये उघडलेल्या कामांची रांग आणि उजवीकडे घड्याळ, अशी तिची मांडणी होती. घड्याळाशेजारची जागा तात्पुरत्या निरोपांसाठी होती. छपाई चालू आहे, टपाल आले आहे, एवढेच तेथे कळावयाचे. परंतु मोक्याची जागा मोकळी दिसली की तेथे पथारी पसरली जाणारच. प्रत्येक प्रोग्राम आपले चिन्ह तेथे कायमचे मांडू लागला. अखेर २००१ साली आलेले विंडोज एक्सपी निष्क्रिय चिन्हे आपणहून झाकू लागले आणि २००९ च्या विंडोज ७ ने तर नियमच उलटा केला. नव्या चिन्हाने मुळात बाणामागच्या कप्प्यातच बसावयाचे. त्याला तेथून बाहेर काढण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही, तो केवळ संगणक वापरणाऱ्याला. हा अधिकार आमच्या घरी कोणी कधी बजावला नव्हता.

तो बजावण्यास दोन मिनिटे पुरतात. टास्कबारवरील मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबावे व 'टास्कबार सेटिंग्ज' निवडावे. विंडोज ११ मध्ये तेथे 'अदर सिस्टीम ट्रे आयकॉन्स' असा एक विभाग आहे. त्यात प्रत्येक प्रोग्रामच्या नावापुढे एक कळ असते. ती चालू केली की ते चिन्ह घड्याळाशेजारी येते, बंद केली की बाणामागे जाते. आम्ही ढाल बाहेर आणली. पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढून घेण्याचे चिन्हही बाहेर आणले, कारण नातवंडांची छायाचित्रे बाबा त्यातूनच इकडून तिकडे नेतात. उरलेली नऊ चिन्हे आत ढकलली. त्यांतील चार कोणाची होती, हे आम्हां दोघांपैकी कोणासच सांगता आले नाही.

येथे एक गफलत हमखास होते. चिन्ह झाकले म्हणजे प्रोग्राम बंद झाला असे नव्हे. तो पडद्याआड चालूच राहतो. संगणक सुरू होताच आपणहून जागे होणारे प्रोग्राम थांबवावयाचे असतील, तर सेटिंग्जमधील 'ॲप्स' या विभागात 'स्टार्टअप' येथे जावे लागते. त्या चार अनोळखी पाहुण्यांना आम्ही तेथेच निरोप दिला.

पट्टीच्या मधल्या भागाचे काम त्यामानाने सोपे आहे. जो प्रोग्राम रोज लागतो तो चालू असताना त्याच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'पिन टू टास्कबार' म्हणावे. नको असलेल्यास त्याच रीतीने 'अनपिन' करावे. चिन्हे ओढून हवी तशी मागेपुढे करता येतात आणि या क्रमाला अर्थही आहे. विंडोजची कळ दाबून धरून १ चा आकडा दाबला की पिन केलेल्यांपैकी पहिला प्रोग्राम उघडतो, २ दाबला की दुसरा. ज्यांचा हात माउसवर थरथरतो अशा वडीलधाऱ्यांना हे फार सोयीचे पडते. विंडोज ११ ने ही चिन्हे पट्टीच्या मध्यभागी आणली आहेत. जुनी सवय मोडत नसेल तर त्याच सेटिंग्जमध्ये ती डावीकडे नेण्याची तरतूद आहे. आमच्याकडे ती डावीकडेच आहेत.

आता सूचनांविषयी. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' व त्याखाली 'नोटिफिकेशन्स' उघडले की सूचना पाठविणाऱ्या सर्व प्रोग्रामांची यादी दिसते. घरातील सर्वांनी ती एकदा एकत्र बसून वाचावी, अशी माझी शिफारस आहे. आपल्या घरात किती जणांना हाक मारण्याची परवानगी आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. प्रत्येकास पूर्णपणे गप्प करता येते, किंवा पट्टी न दाखवता केवळ यादीत नोंद ठेव असेही सांगता येते. आवाजाची कळ निराळी आहे. एखाद्या प्रोग्रामचा मजकूर पडदा कुलूपबंद असताना दिसू नये असे वाटल्यास तीही सोय आहे, आणि संगणक बैठकीच्या खोलीत असल्यास ती अवश्य वापरावी.

परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी 'डू नॉट डिस्टर्ब' ही योजना उपयोगी पडते. तिच्यासाठी रोजची वेळ ठरवून देता येते. त्या अवधीत आलेले निरोप नाहीसे होत नाहीत. ते साठून राहतात व घड्याळावर क्लिक केल्यास, अथवा विंडोजच्या कळीसह एन दाबल्यास, एकत्र वाचता येतात. महत्त्वाचे वाटणारे थोडे प्रोग्राम या बंदीतून वगळताही येतात.

बाबांची खरी तक्रार मात्र वेगळीच होती. "वाचेपर्यंत नाहीशी होते रे ती पट्टी," असे ते म्हणत. ही पट्टी मुळात पाच सेकंदच टिकते, आणि घाईत वाचलेल्या मजकुराला माणूस घाईतच होकार देतो. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' व त्यात 'व्हिज्युअल इफेक्ट्स' येथे हा अवधी पाच मिनिटांपर्यंत वाढविता येतो. आम्ही तीस सेकंद ठेवला. एवढ्या सर्व खटाटोपात त्यांना मनापासून आवडलेला बदल हाच.

राहिले ते पंचांगवाले संकेतस्थळ. त्याची परवानगी विंडोजमध्ये नव्हे, ब्राउझरमध्ये नोंदलेली असते आणि तेथूनच ती काढावी लागते. क्रोममध्ये सेटिंग्ज उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' असे जावे. ज्यांना होकार दिला गेला त्यांची नावे तेथे सापडतात. आमच्या यादीत अकरा होती. त्यांपैकी एकाचीही आम्हांस गरज नव्हती. यापुढे कोणत्याही संकेतस्थळाने असे विचारूच नये, अशी व्यवस्था त्याच पानावर करता येते. ज्या घरी वृद्ध अथवा लहान मुले संगणक वापरतात तेथे ती करण्यास क्षणाचाही विलंब लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा फसवणुकीत पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवू, तितकी ती रक्कम पुढे जाण्यापूर्वी अडविली जाण्याची शक्यता अधिक.

ज्यांच्याकडे अद्याप विंडोज १० आहे त्यांना यातील बहुतेक गोष्टी थोड्या निराळ्या नावांनी सापडतील. मात्र त्या आवृत्तीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. तसेच एका संगणकावर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असेल, तर ही सारी मांडणी ज्याची त्याला वेगळी राहते. मुलाने झाकलेली ढाल आजोबांकडे झाकली जात नाही.

खोटी पट्टी ओळखण्याची एक खूण मी बाबांना सांगून ठेवली आहे. पट्टीवर ती पाठविणाऱ्याचे नाव असते. तेथे ब्राउझरचे नाव व एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसला, तर ती बाहेरून आलेली समजावी, मग तिच्यावर चित्र कितीही दांडग्या ढालीचे असो.

परवा रविवारी दुपारी कोपऱ्यात पुन्हा एक पट्टी आली. संगणकाची तपासणी झाली, कोणताही धोका आढळला नाही, असा तिचा मजकूर होता. बाबांनी चष्मा नाकावर ओढला, मजकूर सोडून आधी नाव वाचले: विंडोज सिक्युरिटी. मग घड्याळाशेजारच्या ढालीवर हिरवी खूण आहे ना, हे पाहिले. "आपलाच माणूस आहे," असे म्हणून त्यांनी पट्टी मिटली आणि पेनड्राइव्ह काढण्याचे ते चिन्ह शोधू लागले.