पदवीधर आणि नोकरी देणारा : नांदेड-लातूरकडील एक प्रश्न

मराठवाड्यातील सुशिक्षित बेकारीचा विचार बहुधा शासकीय नोकरीपाशीच येऊन थांबतो. यास इतिहासाचे कारण आहे. निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू असल्याने मराठी भाषिकास सरकारी सेवेचा मार्ग बिकट होता. म्हणूनच १९५३ च्या नागपूर करारात शासकीय सेवांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मान्य झाला, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण व राज्याच्या सेवा यांविषयी न्याय्य संधीची तरतूद आली. खाजगी मालकाविषयी मात्र तेथे अवाक्षर नाही.

ती उणीव भरून काढण्याचा एक यत्न १९५९ च्या सेवायोजनविषयक कायद्यात दिसतो. २५ वा अधिक माणसे असलेल्या बिगरशेती खाजगी आस्थापनांस रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाकडे कळवावयास लावण्याची व्यवस्था त्यात होती. तेथूनच माणूस घ्यावा, अशी सक्ती नव्हती. मागणीची नोंद व्हावी, एवढाच त्याचा आवाका.

लातूरच्या बाजारपेठेस तर तो अंगाला सैलच होता. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांवर उभ्या असलेल्या या पेठेतील आडत दुकानात वा लहान डाळ गिरणीत माणसे थोडी आणि काम हंगामी. हिशेब ठेवणारा, मालाची प्रत व ओलावा पारखणारा, यंत्र चालते ठेवणारा माणूस तेथे हवा असतो आणि तो ओळखीतून शोधला जातो. यात मालकाचा निव्वळ संकुचितपणा पाहणे अन्यायाचे होईल. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती द्यावयाची, त्याची हमी गुणपत्रिका देत नाही. परंतु ज्याच्या घरात व्यापाराचा गंध नाही अशा शेतमजुराच्या मुलाने, मग तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण का असेना, ही ओळख आणावी कोठून? प्रश्नाचे मर्म येथे आहे.

या दृष्टीने शिकाऊ उमेदवारांविषयीचा १९६१ चा कायदा अधिक विचारणीय वाटतो. कारण विद्यावेतनावर काम करीत असतानाच उमेदवाराची पारख होते आणि ओळखीची जागा अनुभव घेतो. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर त्याच्या कक्षेत आले. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांस मात्र २०१४ ची दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले! २०१९ च्या नियमबदलाने ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर बंधन घातले. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांस ते ऐच्छिक ठेवले. म्हणजे लहान गिरणीवाला पुनश्च कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून २५ डिसेंबर २०२० रोजी पहिला सांगाडा बाहेर पडला खरा. पण असा कारखाना प्रथम जोडारी व संधाता मागतो, इतिहासाचा पदवीधर नव्हे.

१९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांचे आहे. तेथील विभागांना गिरणीवाल्याशी संबंध जोडावयाचा असेल तर आधी दिनदर्शिकेचा विचार करावा लागेल. सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढते आणि तूर जानेवारीपासून येऊ लागते. मालकास माणसाची निकड असते तेव्हा विद्यार्थी वर्गात वा परीक्षेच्या धास्तीत असतो. तो मे महिन्यात मोकळा होतो, तेव्हा आडतीतील गर्दी ओसरलेली असते.