आईची माणसं

आमच्या आईला माणसांची भारी हौस. घरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय उठू द्यायचं नाही, ही तर सगळ्या वऱ्हाडाचीच रीत. पण आईला त्यासाठी कुणी घरी येण्याचीही गरज नसायची. गल्लीतून जाणारी बाई नुसती दिसली, की सपरीतून हाक जायची, "कुठी चालली वं? बस न माय, च्या घे अन् मग जाय!" ती भाजीवाली असो की शाळेतली बाई, हाक सगळ्यांना सारखीच.

नातेवाईक म्हणायचे, "तिचा स्वभावच बोलका." मैत्रिणींनो, मला विचाराल तर नुसता स्वभाव माणसाला एवढं पुरत नाही. सगळं सुरळीत चालू असताना कुणीही बोलकं असतं. दिवस फिरल्यावर, लोकांनीच आपल्याला बाजूला सारल्यावर, पुन्हा दार उघडून हाक मारायला हिंमत लागते. आईकडे ती होती.

तिचा जन्म १९३९ सालचा, अंजनगाव सुर्जीचा. पानमळ्यांचं गाव. शिक्षण चौथीपर्यंत. १९५७ मध्ये लग्न होऊन ती अमरावतीला आली, अंबागेटच्या आतल्या एका गल्लीत. माहेरी जायचं म्हटलं की तिला शकुंतलाच हवी. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर, आणि तिथून अचलपूरकडे जाणारी ती छोटी गाडी. एस. टी. लवकर पोचवायची. पण आई म्हणायची, "बशीत सारे पाठमोरे बसतात, बोलाव कोनाशी?" १९९४ पर्यंत या गाडीला वाफेचं इंजिन होतं. गाडी रमतगमत चालायची, आणि अंजनगाव येईपर्यंत आईला डब्यातल्या चार बायांची माहेरं, सासरं, पोरीबाळी सगळं पाठ झालेलं असायचं. ती गाडी काही वर्षांपासून बंद आहे. पण त्या डब्यात जुळलेल्या दोन मैत्रिणी आईला शेवटपर्यंत फोन करायच्या.

गल्लीतही तसंच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढायचा आणि आमच्या गच्चीवर वाळवणं पडायची. शेवया, कुरड्या, मुगवड्या. कुणाकडे लग्न असलं की सरगुंडे. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, असे पाळीपाळीनं आठ-दहा जणींचे हात लागायचे. हात कामात गुंतले की तोंडं मोकळी होतात. कुणाच्या पोराची फी भरायची राहिली, कुणाची सून माहेरून परत आलीच नाही, हे सगळं त्या लाटण्यांच्या आवाजात बाहेर यायचं. आई ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी गुपचूप त्या घरी जाऊन यायची.

१९७४ मध्ये तिनं वीस जणींची भिशी सुरू केली. महिन्याला दहा रुपये, म्हणजे एकीच्या हाती एकदम दोनशे. पहिली भिशी चिठ्ठी न काढता एका बाईला द्यायची, असं तिनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. त्या बाईचा नवरा कामावरून सुटला होता. तिनं त्या पैशांतून जुनी शिलाई मशीन घेतली. पुढं तिच्या हातचे झंपर आम्ही सगळ्या पोरींनी घातले.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा महिना. गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरी आमच्या सपरीत गाणी म्हणायच्या आणि खिरापत ओळखायला बसायच्या. महालक्ष्म्यांना घर माणसांनी इतकं भरायचं, की पुरण वाटता वाटता पाटा तापायचा. आणि एक नियम होता. शेजारून आलेली वाटी रिकामी परत जायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण वाटी भरलेली.

१९८८ साली बाबा गेले. आई तेव्हा ४९ वर्षांची.

पुढची संक्रांत आली. वर्षाचा पहिला सण जड जातो, म्हणून मी अकोल्याहून तिच्याकडे आले होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत रोज कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू. तीस वर्षं आईशिवाय ज्यांचं पान हललं नव्हतं, त्याच बाया साड्या नेसून, ताटं झाकून आमच्या दारावरून जात होत्या. कुणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही. उलट कुणी नजर खाली घालायची, तर कुणी हळूच म्हणायची, "येते हं काकू नंतर." रीतच तशी होती. नवरा गेला की बाईचं कुंकू जातं आणि कुंकवाबरोबर माणसंही जातात. तिला सगळ्यात जास्त ज्याची हौस, नेमकं तेच तिच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. आई सपरीत बसून गहू निवडत राहिली. त्या पंधरा दिवसांत तिनं रस्त्यावरच्या एकाही बाईला हाक मारली नाही.

वर्षभर तिनं काय विचार केला, ते तिलाच ठाऊक. पण १९९० च्या संक्रांतीला तिनं स्टीलच्या दोन डझन लहान वाट्या आणल्या, तीळ भाजले आणि गल्लीत स्वतः फिरून बोलावणं केलं. हळदीकुंकू म्हटलं नाही. म्हणाली, "माह्याकडे तिळगूळ हाय, या." नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडून दिलेल्या, सगळ्यांना. भांडी घासणाऱ्या बाईलाही. घरातल्या एका मोठ्या माणसानं विचारलं, "लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "म्हनतील ते म्हनतील, तिळगूळ तं खातील न!"

पहिल्या वर्षी सात जणी आल्या. त्यातल्या तिघी बिनकुंकवाच्या. एक आजी तर म्हणाल्या, की तीस वर्षांत कुणी त्यांच्या हाती वाण दिलं नव्हतं. त्यांनी ती वाटी पदरात धरली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पुढच्या वर्षी वीस जणी झाल्या. त्यानंतर वाट्या पुरेनाशा झाल्या.

आमच्या अमरावतीला दारं उघडण्याचा इतिहास आहे. अंबादेवीचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२० च्या दशकात सत्याग्रह केला होता. आईला त्यातलं फार काही माहीत असेल असं मला वाटत नाही. तिनं आपल्या घरापुरतं केलं. पण घराघरांतली दारं अशीच एकेकीला उघडावी लागतात.

२००४ मध्ये गुडघे दुखायला लागले म्हणून मी तिला अकोल्याला आणलं, जुन्या शहरातल्या आमच्या घरी. मला वाटलं होतं, नव्या गावात तिला करमणार नाही. महिनाभरात गल्ली तिची झाली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजेश्वराला जलाभिषेक करायला कावडवाले गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन सतरा-अठरा किलोमीटर चालत येतात. आई पहाटेपासून दारात खुर्ची टाकून बसायची. शेजारी चहाचं पातेलं, पाण्याचा माठ. नातवंडं पेले भरायची आणि ती एकेका कावडवाल्याला विचारायची, "कोन्या गावचा रे तू बाप्पा?" नातवंडांचे मित्र तर आजीच्या हातची पातोडीची भाजी खायला बिनदिक्कत यायचे. कुणाची परीक्षा कधी, हे त्यांच्या आयांच्या आधी तिला माहीत असायचं.

याच काळात शेजारच्या खोलीत एक तरुण बाई दोन लेकरं घेऊन राहायला आली. कपाशीचं कर्ज फिटेना म्हणून नवऱ्यानं जीव दिला होता. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यात कर्ज होतं, व्याज होतं, सिंचन होतं. पण मागं राहिलेल्या बाईला कुणीतरी चहाला बोलवावं, हे कुठल्या पॅकेजात बसणार?

२००७ च्या संक्रांतीला आई तिला बोलवायला गेली. ती दाराआड झाली. "मी नाही येत आजी. मले चालत नाही."

आई म्हणाली, "मले तरी कुठी चालते? चाल, दोघी मिळून चालवू."

आणि हाताला धरून घेऊनच आली.

मार्च २०२१ मध्ये आई गेली, झोपेतच. आपल्या भागात कोरोनाची दुसरी लाट तेव्हा जोरात होती. अंत्ययात्रेला वीस माणसांचीच परवानगी. जिनं सगळं आयुष्य माणसं गोळा केली, तिला एवढ्या थोड्या माणसांनी पोचवलं. तेरवीचं जेवणही झालं नाही. तेरा दिवस नुसता फोन वाजत होता.

पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला मात्र घर भरलं. अमरावतीच्या गल्लीतल्या बाया गाडी करून आल्या. शिलाई मशीनवाल्या बाई आल्या. सगळ्यात शेवटी शेजारची ती आली, आता मोठ्या झालेल्या लेकरांना घेऊन. तिच्या हातात २००७ सालच्या वाणाची स्टीलची वाटी होती, शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेली. म्हणाली, "रिकामी वाटी परत द्याची नाही, आजीनंच सांगतलं होतं."

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. वाचून बरं वाटलं. पण ठराव होतो तो गावाचा, बोलावणं करायला जावं लागतं घरोघर. ते काम आपलंच, नाही का? तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच, जिच्या दारावरून ताटं झाकून जातात.

कपाट आवरताना आईची बोलावण्याची वही सापडली. घरांच्या ओळीप्रमाणं नावं लिहिलेली, चौथी शिकलेल्या हाताची मोठी मोठी अक्षरं. एकाही नावापुढं सौ. नाही, श्रीमती नाही. नुसतं नाव. ती वही आता माझ्या लेकीकडे असते. गेल्या संक्रांतीला तिनं शेवटच्या पानावर आणखी चार नावं लिहिली. त्यातलं पहिलं नाव रोज सकाळी घंटागाडीवर येणाऱ्या ताईंचं आहे.