सामान हलवण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी एक म्हण मराठीत आहे. या कामांत किती कष्ट पडतात, हे ज्याने ती केली त्यालाच कळते, असा तिचा अर्थ. या दोन कामांच्या जोडीला आणखी एक काम ठेवता येईल. ते म्हणजे घर बदलणे.

समजा, तुमच्या वडिलांची बदली मुंबईहून जळगावला झाली. अंतर चारशे किलोमीटरहून अधिक. घरात कपाट आहे, पलंग आहे, आईची शिलाई मशीन आहे, दादीची जुनी पेटी आहे. हे सगळे बांधून नव्या घरी पोहोचवणारे व्यावसायिक असतात. ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ अशा त्यांच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांपैकी पुष्कळजण प्रामाणिकपणे काम करतात. पण काहीजण फसवतात. मग विश्वासू माणूस ओळखायचा कसा?

आधी फसवणूक कशी होते ते पाहू. फसवणारा माणूस फोनवर फार कमी भाव सांगतो आणि थोडी रक्कम आगाऊ मागतो. ठरल्या दिवशी ट्रक येतो, सामान भरले जाते. मग तो म्हणतो, “सामान जास्त निघाले, दुप्पट पैसे द्या, नाहीतर सामान मिळणार नाही.” आता काय करणार? सारा संसार त्याच्या ट्रकमध्ये आहे! म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जे विचारायचे, ठरवायचे आणि लिहून घ्यायचे, ते सामान घरात असतानाच.

पहिले काम चौकशीचे. नुकतेच घर बदललेले शेजारी किंवा नातेवाईक यांना त्यांचा अनुभव विचारा. मोठ्या माणसांनी त्या कंपनीच्या कार्यालयात स्वतः जाऊन यावे. एखाद्या नामांकित कंपनीच्या नावासारखेच नाव घेऊन काहीजण धंदा करतात. म्हणून पाटीवरचे, बिलावरचे आणि बँक खात्याचे नाव एकच आहे ना, हे पाहावे. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात 27 ने होते. शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर हा क्रमांक लिहिला की तो कोणाच्या नावावर आहे हे समजते. तसेच रस्त्याने मालवाहतूक करण्याविषयीचा 2007 चा कायदा आहे. त्यानुसार भाड्याने माल नेणाऱ्या वाहतूकदाराने नोंदणी करणे आवश्यक आहे. नोंदणीचा दाखला मागण्यात संकोच करू नये.

दुसरे काम भाव ठरवण्याचे. सामान न पाहता सांगितलेला भाव खरा नसतो. घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? गल्लीत ट्रक येतो, की हातगाडीवरून सामान न्यावे लागते? यावर खर्च अवलंबून असतो. म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या माणसांना घरी बोलवावे आणि प्रत्येकाकडून भाव लेखी घ्यावा. खोकी, बांधणी, हमाली, टोल, सामान वर चढवणे, पलंग पुन्हा जोडणे, यांपैकी काय काय त्या भावात आले, हे कागदावर लिहिलेले असावे. सामान कोणत्या तारखेला पोहोचेल आणि वाटेत दुसऱ्या गाडीत टाकले जाईल का, हेही विचारावे. एकाचा भाव इतरांपेक्षा फारच कमी असेल, तर आनंद मानण्याआधी कारण शोधावे.

तिसरे काम यादीचे, आणि ते तुम्ही करू शकता. वही घ्या आणि प्रत्येक वस्तू लिहा. नुसते ‘कपाट 1’ असे लिहू नका. ‘लोखंडी कपाट 1, उजव्या दारावर ओरखडा’ असे लिहा. प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाका आणि आत काय आहे ते यादीत नोंदवा. दोन प्रती करून दोन्हींवर कंपनीच्या माणसाची सही घ्या. दागिने, रोख रक्कम, घराची कागदपत्रे आणि तुमची शाळेची प्रमाणपत्रे मात्र ट्रकमध्ये देऊ नका. ती स्वतःजवळ ठेवा.

चौथे काम मालाची किंमत लिहून देण्याचे. बरेच लोक घाईत ही जागा कोरी सोडतात किंवा फार कमी आकडा लिहितात. नियमानुसार माल हरवला किंवा मोडला, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत असते. पण तुम्ही लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नसते. समजा, भाडे 15,000 रुपये आहे. दहापट म्हणजे 1,50,000 रुपये. परंतु तुम्ही मालाची किंमत 40,000 रुपयेच लिहिली असेल, तर 40,000 च्या वर मागता येणार नाही. म्हणून खरी किंमत लिहावी. विमा काढला असे कंपनीने सांगितले, तर विमा कंपनीचा कागद पाहावा.

सामान भरल्यावर मालाची पावती घ्या. मालवाहू गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. तो क्रमांक आणि चालकाचा फोन नंबर लिहून ठेवा. सगळे पैसे आधी देऊ नयेत. काही रक्कम सामान पोहोचल्यावर देण्याचे ठरवावे. नव्या घरी यादीप्रमाणे खोकी मोजा. ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली न पाहता सही करू नका. काही मोडले असेल तर त्याच कागदावर तसे लिहा आणि छायाचित्र काढा. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला द्यावी लागते.

एवढे करूनही अन्याय झाला तर? ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे मुंबईहून जळगावला गेलेल्या कुटुंबाला तक्रारीसाठी मुंबईला परत जावे लागत नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. कोणी सामान अडवूनच ठेवले, तर पोलिसांकडे जावे.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वादावादी. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे तुम्ही ज्याला ‘शिकायत’ म्हणता ती. तेव्हा तक्रार करणे म्हणजे भांडणे नव्हे. ते आपले म्हणणे पुराव्यासह मांडणे होय, आणि पुरावा म्हणजे तीच यादी, तीच पावती, तोच लेखी भाव.

मित्रांनो, पुष्कळ घरांत मराठी कागद वाचून दाखवण्याचे काम मुलांकडेच येते. वडील सही करण्यापूर्वी तो कागद तुम्ही मोठ्याने वाचा. एखादी ओळ कळली नाही, तर कंपनीच्या माणसाला तिचा अर्थ विचारा. प्रामाणिक माणूस तो आनंदाने सांगेल. जो “वाचत काय बसता, सही करा” म्हणून घाई करील, त्याच्या हाती दादीची पेटी देऊ नका.