रोमचे दगड, आफ्रिकेची माणसे

शाळेत रोमन साम्राज्याचा धडा आला की आम्ही फळ्यावर सीझर, ऑगस्टस अशी नावे लिहितो. भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्कोत ज्यांची जमीन रोमने घेतली, त्यांचे नाव फळ्यावर येत नाही. ते आजच्या अमाझिघांचे पूर्वज. जग त्यांना बर्बर म्हणते. पण मराठीत बर्बर म्हणजे रानटी, म्हणून तो शब्द आम्ही टाळतो.

मार्सेल बेनाबू यांनी १९७६ मध्ये या लोकांवर मोठा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा जन्म १९३९ चा, मोरोक्कोतील मेकनेसचा. तेव्हा तिथे फ्रेंचांचा अंमल होता, आणि फ्रेंच स्वतःला रोमचे वारस समजत. रोमने हा मुलूख सुधारला, तेच काम आपण पुढे नेतो, असा त्यांचा दावा. बेनाबूंनी त्या दाव्याच्या मुळालाच हात घातला.

अडचण एवढीच, की हरलेल्यांनी लिहिलेला इतिहास उरलेला नाही. टॅकफरिनासचेच पाहा. सन १७ ते २४ तो रोमशी लढला. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखी तो फौजेतून पळालेला लुटारू. पण त्याने सम्राट टायबेरियसकडे माणसे पाठवून जमीन मागितली, हेही टॅसिटसच सांगतो. लुटारू जमीन कशाला मागेल? त्याच्यामागे मुसुलामी टोळी होती, आणि तिच्या मुलुखातून रोमन फौजेने सन १४ मध्ये रस्ता काढल्याचे मैलाचे दगड सांगतात. हंगामाप्रमाणे जनावरे घेऊन फिरणाऱ्यांच्या वाटेत आधी रस्ता येतो, मागून मोजणीदार. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, ट्राजानच्या काळात, मुसुलामींची हद्द दाखवणारे दगड रोवले गेले. म्हणजे लोक संपले नव्हते. आखून दिलेल्या तुकड्यात बसवले गेले होते.

लढाई थांबल्यावरचा विरोध बेनाबूंनी नावांत, देवळांत, भाषेत शोधला. लेख लॅटिन, पण त्यातली नावे तिथल्याच मातीतली. देवाचे नाव रोमन सॅटर्न, आडून जुना बाल हम्मोन. यातल्या प्रत्येक गोष्टीला विरोध म्हणणे आम्हांला थोडे ओढून आणलेले वाटते. असा आक्षेप काही इतिहासकारांनीही घेतला. घरात एक बोली नि कागदावर दुसरी, हे आपल्या घरांना वेगळे काय सांगायचे!

त्यांची लिपी मात्र टिकली. दुग्गा या ट्युनिशियातील गावी एका मकबऱ्यावर प्यूनिक आणि लिबियन अशा दोन भाषांतला लेख होता. १८४२ मध्ये ब्रिटिश वकील थॉमस रीड यांनी इमारत पाडून तो काढला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्यूनिक वाचता येत होती, तिच्या आधाराने लिबियन अक्षरे लागली. त्याच कुळातली तिफिनाघ सहारातील तुआरेगांनी जपली. मोरोक्कोने ती २००३ मध्ये अमाझिघ भाषेसाठी स्वीकारली, २०११ च्या घटनेने भाषेला अधिकृत दर्जा दिला, आणि आता तिथल्या शाळांत मुले ही अक्षरे गिरवतात.