एकट्यानें खेळावयाची लढाई

श्रोतेहो, पावसाळ्यांतील एखाद्या संध्याकाळीं सोबती मिळाला नाहीं म्हणून बुद्धिबळाचा पट मांडून दोन्ही बाजू आपणच खेळण्याचा प्रयत्न आपल्यापैकीं पुष्कळांनीं केला असेल. त्या खेळाला मन लवकरच विटतें. पांढऱ्या वजिराचा बेत काळ्या राजाला आधींच ठाऊक असतो. सापळा लावणारा आणि सापळ्यांत सांपडावयाचा तो, दोघेहि एकच. शेवटीं होतें असें, कीं ज्या बाजूवर आपला लोभ असतो ती बाजू जिंकते, आणि ती न्यायानेंच जिंकली अशी स्वतःची समजूत घालून आपण पट आवरतों. आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या वाटेंतहि हीच अडचण उभी असते. परंतु त्या खेळाच्या भोक्त्यांनीं तिच्यावर निरनिराळे तोडगे काढले आहेत, आणि ते एकमेकांशीं ताडून पाहण्यांत मोठी मौज आहे.

हा खेळ म्हणजे मेजावरील युद्धक्रीडा. बोटाच्या पेराएवढे शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे शिपाई रंगवून त्यांच्या पलटणी करावयाच्या, मेजावर टेकड्या, नद्या आणि गांवें मांडावयाचीं, मोजपट्टीनें चाल मोजावयाची, आणि गोळीबाराचा व हातघाईचा निकाल बहुधा फांसे टाकून लावावयाचा. दिवाळींत अंगणांत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडण्याचें सुख ज्यांनीं घेतलें आहे, त्यांना या खेळाची गोडी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. फरक इतकाच, कीं आपल्या किल्ल्यावरील मावळे जागचे हलत नाहींत, आणि येथील शिपाई कांहीं ठरलेल्या नियमांनीं हलतात. एकट्या खेळाडूला यांपैकीं कोणते नियम उपयोगी पडतात, हा आजचा प्रश्न आहे.

या नियमांचें मूळ प्रशियांत सांपडतें. १८१२ सालीं बॅरन फॉन रायस्वित्झ या गृहस्थानें आपला असा एक खेळ राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म यास दाखविला. आणि १८२४ मध्यें त्याच्या मुलानें, जो सैन्यांत तोफखान्याचा अधिकारी होता, त्याचे सुधारलेले नियम छापून काढले. या खेळांत दोन पक्षांखेरीज एक तिसरा मनुष्य असे, तो म्हणजे पंच. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे देत, आणि शत्रूच्या ज्या तुकड्या नजरेच्या टप्प्यांत येतील तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. बाकीचें सर्व अज्ञात. खऱ्या रणांगणावरील सेनापतीस जें माहीत नसतें, तें खेळाडूसहि माहीत होऊं न देणें, हें त्या पंचाचें मुख्य काम होतें.

पुढें हा खेळ अधिकाऱ्यांच्या शाळेंतून घरगुती दिवाणखान्यांत आला. सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं १९१३ मध्यें ‘लिट्ल वॉर्स’ नांवाचें छोटेंसें पुस्तक लिहून तो लोकप्रिय केला. दुसऱ्या महायुद्धानंतर डोनाल्ड फेदरस्टोन यांचें ‘वॉर गेम्स’ हें पुस्तक १९६२ मध्यें आलें, आणि ज्यांना जोडीदार मिळत नाहीं अशांसाठीं त्यांनींच १९७३ मध्यें ‘सोलो वॉरगेमिंग’ हें स्वतंत्र पुस्तक लिहिलें. घरांत एकट्यानें खेळणाऱ्याजवळ प्रतिस्पर्धी नाहीं आणि पंचहि नाहीं. तेव्हां ही दोन्ही कामें नियमांनाच करावीं लागतात. नियमांची पारख म्हणून मी एकाच गोष्टीवरून करूं लागलों: हे नियम मला काय कळूं देत नाहींत?

पारख करावयाची तर लढाई एकच हवी आणि नियम निराळे हवेत. मीं निवडली ती असईची लढाई. हें गांव आपल्या मराठवाड्यांत, भोकरदनपासून जवळच आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेल्स्ली, म्हणजे पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला सेनापति, चालून आला. केळना व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत ही लढाई झाली. मराठ्यांचें कवायती पायदळ दहा हजारांच्या वर होतें व त्यांचा तोफखाना अतिशय भारी होता. नदी ओलांडून लढलेले वेल्स्लीचे लोक त्या मानानें फारच थोडे होते. केळनेला उतार नाहीं असें वाटाडे सांगत असतां, दोन तीरांवर समोरासमोर दोन गांवें पाहून, यांच्यामध्यें उतार असलाच पाहिजे असा तर्क त्यानें बांधला, आणि नदी ओलांडून मराठ्यांच्या बगलेवर यावयाचा बेत केला. परंतु शिंद्यांच्या पायदळाचा हॅनोव्हरकडील सेनानी पोहलमन यानें आपली दक्षिणाभिमुख रांग शिताफीनें वळवून पूर्वाभिमुख केली, आणि बगलेऐवजीं वेल्स्लीच्या तोंडासमोर तोफांची भिंत आली. त्यानें लढाई जिंकली खरी. पण त्याचे दीड हजारांवर लोक मेले व जखमी झाले.

पहिला प्रयोग मीं वेल्स यांच्या नियमांनीं केला. त्यांत फांसे नाहींत. स्प्रिंगच्या खेळण्यांतील तोफेनें लाकडाची बारीक कांडी उडवावयाची आणि जो शिपाई पडेल तो मेला असें समजावयाचें. म्हणजे सारा निकाल नेमावर! दोन मित्र समोरासमोर असतांना हा खेळ फारच रंगत असला पाहिजे. मीं एकट्यानें तो तीन वेळां खेळला, आणि तिन्ही वेळां शिंद्यांच्या तोफांनीं इंग्रजांचा धुव्वा उडविला. मला त्याचा आनंद झाला हें कबूल करतों. माझी धाकटी बहीण दारांत उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “दादा, इंग्रजांची पाळी आली कीं तूं नेम न धरतांच तोफ उडवतोस.” मीं तें नाकारलें, परंतु चौथ्या वेळीं माझा मीच माझ्या हातावर पहारा ठेवला, तेव्हां तिचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. लबाडी करण्याचा माझा हेतु नव्हता. पाहणारें कोणी नसतांना हात आपोआपच आवडत्या बाजूकडे कलतो, एवढेंच.

दुसऱ्या प्रयोगासाठीं ‘ब्लॅक पावडर’ हे नियम घेतले. रिक प्रीस्टली व जर्व्हिस जॉन्सन यांनीं लिहिलेले हे नियम २००९ मध्यें प्रसिद्ध झाले असून अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील लढायांसाठीं आहेत. यांत सेनापतीनें पलटणीला द्यावयाचा हुकूम आधीं मोठ्यानें उच्चारावयाचा आणि मग दोन फांसे टाकावयाचे. प्रत्येक सेनापतीस त्याच्या कर्तबगारीचा एक अंक दिलेला असतो. फांशांची बेरीज त्या अंकाहून जितकी कमी, तितकी पलटण अधिक चालते. बेरीज अंकापलीकडे गेली तर ती जागची हलत नाहीं, आणि त्या पाळींत त्या सेनापतीला दुसरा हुकूमहि देतां येत नाहीं. दोन्ही फांशांवर षट्क पडलें तर हुकुमाचा भलताच अर्थ केला जातो. हा शेवटचा नियम मला प्रथम पोरकट वाटला. परंतु असईस ऑरॉक नांवाचा इंग्रज अधिकारी नेमका असाच हुकूम चुकून गांवाच्या दिशेनें भलतीकडे गेला, त्याच्यामागून ७४ वी हायलँडर पलटण गेली, आणि तिची भयंकर कत्तल झाली. इतिहासानेंच तेथें दोन षट्कें टाकलीं होतीं!

हे नियम एकट्याला चांगले, कारण हुकूम आधीं बोलावा लागत असल्यानें मागाहून बेत बदलतां येत नाहीं. आपलेच लोक आपलें ऐकतील कीं नाहीं, हें अज्ञान ते उत्तम निर्माण करतात. परंतु वेल्स्ली नदी उतरत असतां पोहलमन रांग वळविणार हें मला ठाऊकच होतें, म्हणून माझा वेल्स्ली आधींपासूनच तयारींत राही. शत्रूच्या मनाविषयींचें अज्ञान या नियमांत मिळत नाहीं.

तिसरी युक्ति पत्त्यांची. लॅरी ब्रॉम यांच्या ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ या १९७९ च्या नियमांत एका पक्षाला लालं पानें व दुसऱ्याला काळीं पानें असतात. पत्ते पिसून एकेक पान उलटावयाचें. लाल निघालें तर त्या पक्षाची एक तुकडी हालेल, काळें निघालें तर दुसऱ्याची. चाल किती इंचांची, हेंहि फांसेच ठरवितात. हे नियम राणी व्हिक्टोरियाच्या काळांतील वसाहतींच्या लढायांसाठीं आहेत, म्हणून असईला मीं त्यांतील केवळ पानांची युक्ति उसनी घेतली. ‘शार्प प्रॅक्टिस’ नांवाच्या दुसऱ्या एका नियमावलींत तर ‘टिफिन’ नांवाचें एक पानच आहे. तें निघालें कीं पाळी संपली, मग कोणाचा काय बेत होता तो मनांतच राहिला. पत्त्यांमुळें केव्हां काय घडेल हें कळेनासें होतें, आणि एकट्याच्या खेळांत जीव येतो. लागोपाठ चार काळीं पानें निघालीं तेव्हां मी खुर्चीवरून उठून उभा राहिलों होतों. तथापि कोणी केव्हां हालावें एवढेंच पत्ते ठरवितात. कोठें जावें हें अजून मीच ठरवीत होतों.

चौथ्या प्रयोगानें हें उरलेलें अज्ञान दिलें. सी. एस. ग्रँट यांनीं १९८३ मध्यें एक पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत शत्रूच्या सेनापतीचे पर्याय आधींच लिहून ठेवलेले असतात व त्यांतील कोणता घडेल तें फांसा ठरवितो. त्या धर्तीवर मीं पोहलमनसाठीं तीन पर्याय कागदावर लिहिले. रांग वळविणें हा सर्वांत संभवनीय, म्हणून त्यास एक ते तीन हे आंकडे दिले. घोडदळ धाडून उतारावरच शत्रूला गांठणें यास चार व पांच. जागा न सोडतां असईच्या आश्रयानें तोफा लावून बसणें यास सहा. वेल्स्लीची पहिली पलटण नदीपार होईपर्यंत फांसा टाकावयाचा नाहीं, असा निर्बंध मीं स्वतःवर घातला. मग फांसा टाकला, पांच पडले. ज्या वेल्स्लीला मी इतके दिवस मनांतून शत्रु समजत होतों, त्याच्या जागीं बसून, अर्धी फौज पाण्यांत असतां घोडदळ अंगावर येतांना पाहून माझ्या पोटांत गोळा उठला. एकट्यानें खेळतांना प्रथमच मला कोणी फसविलें होतें.

श्रोतेहो, या चार प्रयोगांतून माझा निष्कर्ष असा: नियमपुस्तक जाडें कीं बारीक, त्यांत बंदुकीचा टप्पा किती बारकाईनें दिला आहे, हें एकट्या खेळाडूला गौण होय. अज्ञान तीन प्रकारचें असतें. आपले लोक ऐकतील काय, घटना कोणत्या क्रमानें घडतील, आणि शत्रु काय करील. पहिलें हुकुमाच्या फांशांनीं, दुसरें पत्त्यांनीं आणि तिसरें लिहिलेल्या पर्यायांनीं मिळतें. कोणतेहि साधे नियम घेऊन त्यांना या तीन गोष्टी जोडाव्या. नवशिक्यानें नील थॉमस यांचे ‘वन-अवर वॉरगेम्स’ या २०१४ च्या पुस्तकांतील नियम घ्यावेत. एका पक्षास सहाच तुकड्या, मेज तीन फूट चौरस, आणि लढाई सुमारें तासाभरांत संपते. शिपाई नसतील तर जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून रंगवावे. त्यांनीं अडत नाहीं.

याखेरीज दोन पथ्यें अनुभवानें सांगतों. पर्याय लिहितांना, आपल्याला न आवडणाऱ्या बाजूला निदान एक तरी खरोखर चांगला पर्याय द्यावा. मूर्खपणाचे तीन पर्याय लिहून त्यांतून फांशानें निवडणें ही लबाडीच होय. आणि फांसा वाटींत टाकावा, मेजावर नव्हे. आडवा पडला तर काय, हें आधींच ठरवून ठेवावें. मेजाच्या कडेला अडकलेला फांसा पुन्हां टाकावा कीं नाहीं याचा निर्णय मागाहून घेणारा मनुष्य, मीं पाहिलें आहे, नेहमीं स्वतःच्या सोयीचाच घेतो.

या खेळानें मला असई निराळी दिसूं लागली. पराभवाची हकीकत आपण वाचतों तेव्हां शेवट ठाऊक असल्यामुळें हरणाऱ्याच्या चुकाच तेवढ्या डोळ्यांत भरतात. मेजावर ती रांग वळवून पाहतांना मला कळलें, कीं शत्रु समोर येत असतां हजारोंची फौज व एवढ्या तोफा काटकोनांत फिरविणें हें किती अवघड काम त्या लोकांनीं साधलें होतें. तसेंच, ती भिंत समोर दिसल्यावरहि पुढें जाणाऱ्यांचें धैर्यहि कळलें. ज्या दिवशीं मीं दोन्ही बाजूंसाठीं सारख्याच काळजीनें नेम धरला, त्या दिवशीं मला ही लढाई प्रथम समजली. परवां बहीण पुन्हां दारांत उभी राहिली, आणि बराच वेळ पाहून तिनें विचारलें, “दादा, आज तूं कोणाच्या बाजूचा?” मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं.