विळ्याची ढाल

माझा नातू संगणकावर राक्षसांशी लढतो. शेजारी बसून बसून मलाही त्या लढाईचा हिशेब कळू लागला आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालचा, कागद आणि फाशांचा अमेरिकन खेळ. पुढे अनेक संगणकी खेळांनी त्याचेच नियम उचलले. तिथे इजा म्हणजे नुसती इजा नव्हे. ती आगीची, विषाची, थंडीची, सोट्याची अशी निरनिराळी. जिचा प्रतिकार अंगात आहे ती निम्मीच लागते, जिथे अंग कच्चे आहे तिथे दुप्पट. हाडांच्या सांगाड्याला विष बाधत नाही. सोट्याने मात्र तो पटकन मोडतो.

हा निम्मे-दुप्पटीचा हिशेब चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात माणसांच्या रक्तातच लिहिलेला आहे. तिथला राक्षस डासाच्या सोंडेतून येतो. फाल्सिपॅरम जातीचा हिवताप मेंदूत गेला की धडधाकट मूलही दोन-चार दिवसांत हातचे जाते. त्यावर निसर्गाने एक ढाल शोधली, ती म्हणजे सिकल सेलचे जनुक. गोंड, माडिया, प्रधान या समाजांत आणि पूर्व विदर्भातल्या इतरही काही जातींत ते आढळते. आई किंवा बाप, एकाकडूनच ते आले तर माणूस ‘वाहक’ होतो. त्याला डास चावतो, तापही येतो. पण तो ताप जीवघेणा होण्याचा धोका फार घटतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिले. म्हणजे आज ज्याला आपण सरसकट ‘दोष’ म्हणतो, त्याने पिढ्यान्‌पिढ्या लेकरे जगवली आहेत.

पण तेच जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आले, की जमेची रक्कम नावे पडते. प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग थंडी, तहान, दमछाक, साधा ताप, सगळेच दुप्पट लागते. आणि ज्या हिवतापासाठी ही ढाल घडली, तोच या रुग्णाला अधिक घातक ठरतो! रोवणीच्या दिवसांत भर पावसात चिखलात वाकून उभी राहिलेली बाई संध्याकाळी हाडे फुटल्यागत कण्हते. वरून काही दिसत नाही, म्हणून घरचेच तिला कामचुकार म्हणतात. मला त्या दुखण्याइतकाच हा शब्द क्रूर वाटतो.

हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; उद्दिष्ट २०४७ चे आहे. तपासणी होते, कार्ड मिळते. मात्र ते कार्ड मुलीचेच आधी पाहिले जाईल अशी मला भीती वाटते. वाहक मुलगी आजारी नसते, आणि नवरा वाहक नसेल तर तिच्या मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक बाळंतपणाला चारात एक अशी भीती. तेव्हा तपासायचे तर मुलाचेही रक्त तपासा!

दोन वाहकांचे लग्न झालेच, तरी गर्भाची तपासणी करता येते. ती होते मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. भामरागडच्या जोडप्याला तिथवर पोचायला काय काय ओलांडावे लागते, ते पावसाळ्यात तिकडे गेलेल्या कुणालाही विचारावे.